‘डीसेंट’ म्हणजे बरा, चांगला की सभ्य?

‘डीसेंट सॅलरी’चं भाषांतर ‘सभ्य पगार’ असं वाचनात येतं. ते चूकच आहे, पण ही चूक का होते ते पाहण्यासारखं आहे.

शब्दाचं मूळ लॅटिन ‘देकेरे’, म्हणजे शोभणे, साजणे. वागणं प्रसंगाला शोभलं की ते सभ्य; रक्कम किंवा वस्तू गरजेला साजेशी असली की ती बऱ्यापैकी. ‘आफ्टर अ डीसेंट इंटर्व्हल’मध्ये हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. बायको गेल्यावर माणूस दुसरं लग्न करतो, पण लोकांच्या डोळ्यांवर येणार नाही इतका काळ जाऊ देऊन.

पगार, जेवण, हॉटेल, मार्क यांच्यासाठी मी ‘बऱ्यापैकी’ किंवा ‘चांगल्यापैकी’ वापरते. नुसतं ‘बरा’ टाळते. ‘भाजी कशी झालीये?’ याला ‘बरी आहे’ म्हटलं की करणारीचा चेहरा पडतो. ‘डीसेंट’मध्ये तक्रारीला जागा नसते, ‘चालवून घेऊ’ या अर्थाचं ‘टॉलरेबल’ त्याच्या बरंच खाली. शिवाय ‘ॲक्च्युअली, प्रिटी डीसेंट!’ असं कुणी म्हणालं तर ती चक्क शाबासकी असते, वाटलं होतं त्याहून चांगलं निघाल्याची. ‘हाफ-डीसेंट’ मात्र अर्धवट नव्हे. ‘एनी हाफ-डीसेंट लॉयर’ म्हणजे जरा बरा असलेला कुठलाही वकील.

आपल्या बोलण्यातला ‘डीसेंट’ वेगळ्याच वाटेनं गेलाय. साडीच्या दुकानात ‘जरा डीसेंट रंग दाखवा’ म्हटलं की दुकानदार राणी आणि पोपटी बाजूला सारून मोतिया, फिका राखाडी, पिस्ता उलगडतो. लंडनच्या दुकानात हे वाक्य टाकलं तर समोरच्याला एवढंच कळेल, की आत्तापर्यंत दाखवलेले रंग तुम्हाला पसंत नाहीत. ‘मुलगा डीसेंट आहे’चंही तसंच. आपल्याकडे तो निर्व्यसनी, मितभाषी, चांगल्या घरातला. इंग्रजीतला ‘डीसेंट गाय’ मनानं सरळ आणि वेळेला धावून येणारा, मग रोज संध्याकाळी बारमध्ये का बसेना. आपला वापर मला चुकीचा वाटत नाही, तो आता मराठीच झालाय. फक्त भाषांतर करताना तो इंग्रजीवर लादू नये.

जिथे खरंच काळजी घ्यायला हवी ती जागा म्हणजे ‘डीसेंट वर्क’. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1999 मध्ये ही संकल्पना मांडली आणि 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकासाच्या आठव्या उद्दिष्टात ती आली. योग्य मोबदला, सुरक्षितता, संघटना करण्याचा हक्क असं सगळं त्यात येतं. तिथे ‘बऱ्यापैकी काम’ लिहिलं तर कामगाराचा हक्कच पुसला जातो. ‘सन्मानाचं काम’ म्हणावं.

‘बऱ्यापैकी’ हा अर्थ ‘डीसेन्सी’ या नामात उतरतच नाही. 1954 साली अमेरिकन सिनेटच्या सुनावणीत जोसेफ वेल्च या वकिलानं, लोकांवर कम्युनिस्ट असल्याचे बेछूट आरोप करणाऱ्या सिनेटर मॅकार्थीला ‘सेन्स ऑफ डीसेन्सी’ उरली आहे की नाही असं विचारलं, ती माणुसकी. उलट अर्थाच्या ‘इनडीसेंट’चंही तेच: तो अश्लील किंवा अशोभनीय, ‘सुमार’ कधीच नाही.

लिहिताना ‘डी’ दीर्घच ठेवावा, कारण उच्चारात जोर तिथेच आहे. ऱ्हस्व ‘डिसेंट’ असहमतीसाठी राहू द्यावा. न्यायालयाच्या बातम्यांत तो रोज लागतो.