मदत हवी आहे: गाणं आणि लिव्हर हार्प एकत्र रेकॉर्ड करताना आवाज मिसळतोय

एडिनबरामधल्या एका गायिकेच्या पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग करतोय. स्कॉटिश गेलिक आणि आयरिश लोकगीतं, लिव्हर हार्पही (प्रत्येक तारेचा सूर अर्ध्या स्वराने चढवणारा छोटा खटका, म्हणजे लिव्हर, असलेली हार्प) तीच वाजवते. 34 तारा, ई फ्लॅट मेजर या स्वरसप्तकात लावलेल्या.

दोन्ही वेगवेगळं रेकॉर्ड करा असं कृपया सुचवू नका. या संथ गाण्यांची लय गायिकेच्या श्वासाबरोबर सैल होते, क्लिकवर (हेडफोनमधल्या ठेक्याच्या टिकटिकीवर) बांधली की गाण्यातला जीवच जातो.

सध्या हार्पच्या ध्वनिफलकापासून 45 सेंमीवर स्मॉल डायफ्रॅम कंडेन्सर माइक, तोंडापासून 20 सेंमीवर लार्ज डायफ्रॅम माइक, दोन्ही कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारे). हार्प उजव्या खांद्यावर टेकते, त्यामुळे वरच्या आखूड तारा गायनाच्या माइकमध्ये कर्कश येतात. उलट हार्पच्या माइकमध्ये गळा थोडा उशिरा पोहोचतो, आणि दोन्ही ट्रॅक मिसळले की आवाज पोकळ होतो.

दोन्ही माइक फिगर-8 वर (पुढून-मागून ऐकणारा, बाजूंनी न ऐकणारा प्रकार) घेऊन एकाची न ऐकणारी बाजू ध्वनिफलकाकडे, दुसऱ्याची ओठांकडे ठेवायचा विचार आहे. पण फिगर-8 मागूनही तितकंच ऐकतो, आणि खोली 4 बाय 5 मीटर, छत बुटकं. माइकच्या मागे 10 सेंमी रॉकवूल (आवाज शोषणारी खनिज लोकर) पुरेल का? छतालाही लावावं?

आणखी एक. जी मेजरमधून डी मेजरमध्ये जाताना सी सुराच्या तारांचे लिव्हर वर करावे लागतात. मधल्या सीचा लिव्हर चढवला की तार झणझणते, बाकी तारा स्वच्छ. लिव्हर तारेवर पुरेसा दाबत नसावा. तो किंचित सरकवून बसवावा, की आधी तार बदलून पाहावी?