वडिलांच्या जेवणातला चोथा वाढवावा की बंद करावा? (मदत हवी आहे)

गोदातीर

नमस्कार मंडळी,

आमच्या घरात अण्णांच्या (माझे वडील, वय ६९) ताटावरून रोज खडाजंगी चालली आहे आणि त्यात त्यांचं खाणंच कमी व्हायला लागलंय, म्हणून हा धागा. सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देऊ नये असं मला वाटतं.

आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो, मूळचे निफाडकडचे. अण्णांना मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर आटोक्यात असते. कवळी आहे. पोट नीट साफ न होण्याची तक्रार जुनीच, पण दिवाळीपासून त्यात पोटफुगीची भर पडली. दुपारचं जेवण झालं की पोट टम्म होतं, पायजम्याची नाडी सैल करून बसावं लागतं आणि संध्याकाळी भूक म्हणून लागत नाही.

आईचं म्हणणं एकच, चोथा (फायबर) कमी पडतोय. तिने गिरणीतून गव्हाचा कोंडा वेगळा आणायला सुरुवात केली. कणीक मळताना तो मूठभर पडतो. शिवाय बाजरीची भाकरी, दोन्ही वेळेला पालेभाजी, मोडाची मटकी, कच्ची कोशिंबीर आणि इसबगोल. बुधवारी गंगेवरच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगा म्हणतात) बाजारातून ती मेथी, शेपू, चाकवत पिशव्या भरभरून आणते. तिच्या जिवाची तगमग कळते हो, पण अण्णांचं पोट काही उतरत नाही.

दादा पुण्याला असतो. त्याने धान्य, डाळी, भाज्या सगळं सोडलंय. अंडी, मटण, मासे आणि तूप एवढ्यावर राहतो. वजन उतरलंय, माणूस ठणठणीत दिसतो. तो म्हणतो, चोथ्याची शरीराला गरजच नाही, अण्णांना तोच बाधतोय, सरळ बंद करा. मागे घरी आला तेव्हा त्याने कोंड्याचा डबा उचलून माळ्यावर टाकला. तेव्हापासून मायलेकांचं बोलणं बंद आहे आणि अण्णा मधल्यामध्ये दहीभातावर दिवस काढताहेत.

मी दोन्ही बाजूंचं वाचलं. दादा ज्या अभ्यासावर बोट ठेवतो तो सिंगापूरचा, २०१२ सालचा. कारण न सापडलेल्या बद्धकोष्ठाचे ६३ रुग्ण. त्यांचा चोथा दोन आठवडे पूर्ण बंद केला, पुढे ज्याला जितकं जमेल तितकं कमी खायला सांगितलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर ज्या ४१ जणांनी पूर्ण बंद ठेवला होता त्यांचं पोट रोज साफ होत होतं, फुगीही गेली होती. भरपूर चोथ्याकडे परत वळलेले सहाच जण होते आणि त्यांचा त्रास तसाच राहिला. हे वाचून मी विचारात पडले. पण अभ्यास लहान आहे, आणि कुणी काय खायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, ज्याने त्याने आपापलं निवडलं. दादाचा दुसरा हुकमी एक्का म्हणजे आर्क्टिकमध्ये राहून आलेला शोधप्रवासी स्टेफान्सन. १९२८ साली तो आणि त्याचा एक सहकारी न्यूयॉर्कला डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर नुसत्या मांसावर राहिले आणि धडधाकट राहिले. मान्य. पण ते दोघं अण्णांसारखे गोळ्यांवरचे मधुमेही नव्हते.

आता दुसरी बाजू. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेला मोठा आढावा आला. न्यूझीलंडच्या संशोधकांनी १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या. सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह, मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि एकूण मृत्यू यांचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी होतं. दिवसाला २५ ते २९ ग्रॅमच्या टप्प्यात फायदा चांगला दिसला. संघटनेने २०२३ मध्ये मोठ्या माणसांसाठी किमान २५ ग्रॅम हा आकडा दिला. यावर दादा म्हणतो, असे लोक मुळातच जपून राहणारे असतात, सिगरेट कमी, चालणं जास्त, मग श्रेय एकट्या चोथ्याला का? या बोलण्यात तथ्य आहे. २००० साली अमेरिकेत दोन चाचण्यांचे निकाल आले होते. एकीत लोकांना गव्हाचा कोंडा दिला होता, दुसरीत भाज्या-फळं-धान्यं वाढवून स्निग्ध पदार्थ कमी केले होते. आतड्यात पुन्हा पॉलिप (अस्तरावरच्या गाठी, ज्यांतून पुढे कर्करोग होऊ शकतो) होणं दोन्हींत कमी झालं नाही.

मला वाटतं आई आणि दादा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. दादाचं उत्तर आजच्या पोटफुगीवर आहे. लॅन्सेटचं उत्तर पुढच्या कित्येक वर्षांच्या हृदयाचं आणि साखरेचं आहे. अण्णांना एकाच ताटात दोन्ही सांभाळायचंय.

तर मला हे विचारायचंय. चोथा सगळाच बंद न करता कुठला ठेवावा आणि कुठला काढावा? मधुमेही माणसाने तो एकदम कमी केला तर साखरेचं काय? आणि घरात कुणाला असाच त्रास होऊन आराम पडला असेल तर नेमकं काय बदललं, तेही सांगा. “डॉक्टरांना दाखवा” हे मान्यच आहे, पण दाखवायला जाताना काय विचारायचं हेही कळलं तर बरं.

रानजाई

ताई, मी वॉर्डात नर्स आहे, म्हणून आधी हेच लिहिते. तुम्ही म्हणता दिवाळीपासून पोटफुगी नवी सुरू झाली आणि भूक गेली. या वयात पोटाची सवय अशी बदलली तर कोंडा की मटण हा वाद बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या. वजन आपोआप उतरलंय का, शौचातून रक्त जातंय का, शौच काळी होते का, हिमोग्लोबिन कमी आहे का, एवढं घरीच पाहून कागदावर लिहून न्या. घाबरवायचा हेतू नाही. बहुतेक वेळा साधंच काहीतरी निघतं, पण ते निघेपर्यंत प्रयोग नकोत.

दुसरं, गोळ्यांची पूर्ण पिशवी सोबत न्या. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या, दुखण्यावरच्या काही गोळ्या पोट घट्ट करतात. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने गॅस होतो. थायरॉइड तपासलं नसेल तर तपासा. जुन्या मधुमेहात जठरच हळू रिकामं होतं, त्याला गॅस्ट्रोपरेसिस म्हणतात, त्यात चोथ्याने त्रास वाढतो. हे डॉक्टरांना नाव घेऊन विचारा.

सातपूरकर

माझा अनुभव तुमच्या दादाच्या बाजूने अर्धा आहे. कंपनीत पाळ्या करून पोटाची वाट लागली होती. जो भेटेल तो सांगे, फायबर वाढव. सकाळी ओट्स, दुपारी डबाभर काकडी-गाजर, रात्री कोंड्याची पोळी. पोट रोज ढोलासारखं. शेवटी डॉक्टरांनी कोंडा आणि कच्चं खाणं दोन्ही बंद केलं. मूगडाळ, भात, शिजवलेला दुधी-दोडका, पिकलं केळं एवढंच ठेवलं. आठवडाभरात फरक पडला. म्हणून “चोथा वाढवा” हे सरसकट सांगणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. माणूस आधीच त्रासलेला असतो आणि त्यालाच सांगतात की तू अजून पुरेसं खात नाहीस.

पण सगळा चोथा काही मी सोडला नाही. हळूहळू भाकरी परत आणली, ती चालते. मिसळीतली मटकी मात्र आजही बाधते.

आहारवेल

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अण्णांना न तपासता लिहितेय, तेवढं धरून चाला.

चोथा हा एक पदार्थ नाही. गव्हाचा कोंडा पाण्यात विरघळत नाही, तो आतड्याला खरवडत पुढे जातो. बारीक दळलेला असेल तर काहींना उलट घट्टच होतं. मटकी, राजमा, कांदा, लसूण यांतला काही भाग मोठ्या आतड्यात आंबतो आणि गॅस होतो. त्याच आंबण्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं, ते मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन आहे. इसबगोल मात्र पाणी धरून ठेवतं, मल मऊ करतं आणि फारसं आंबत नाही, म्हणून गॅसही कमी. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये आतड्याच्या चिडचिडीच्या (आयबीएस) २७५ रुग्णांवर चाचणी झाली. इसबगोलाने आराम पडला. कोंड्याच्या गटातून मात्र अनेक जण त्रास वाढल्यामुळे सुरुवातीलाच बाहेर पडले. त्यामुळे कोंड्याचा डबा माळ्यावरच राहू द्या, दादाचं तेवढं बरोबर आहे. बाकी ताट रिकामं करायची गरज नाही.

आईंना हा हिशेब दाखवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत बाजरीत १०० ग्रॅमला साडेअकरा ग्रॅमच्या आसपास चोथा आहे, नागलीत (नाचणीत) अकरा, ज्वारीत दहा, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. एका मध्यम भाकरीला पन्नास ग्रॅम पीठ धरलं तर पाच-सहा ग्रॅम झाले. दोन भाकऱ्या, एक वाटी उसळ, दोन वेळची भाजी आणि एक पेरू यांत २५ ग्रॅम सहज भरतात. आपल्या बाजूची द्राक्षं गोड मानून घ्या, पण १०० ग्रॅममध्ये चोथा जेमतेम एक ग्रॅम आणि साखर पंधराच्या आसपास; मधुमेह्यासाठी तो सौदा पेरूइतका फायद्याचा नाही.

सध्या पोट शांत होईपर्यंत याच्या निम्म्यावर आणा. कच्ची कोशिंबीर बंद, पालेभाजी ताकातली पातळ आणि चांगली घोटलेली, मटकीऐवजी मुगाची डाळ. कवळीने भाकरी नीट चावली जात नसेल तर ती दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या. मग दर आठवड्याला एकेक गोष्ट परत आणा, म्हणजे काय बाधतं ते आपोआप कळेल.

साखरेचं विचारलंत. इसबगोल आणि डाळींतला विरघळणारा चोथा जेवणानंतरची साखर हळू चढू देतो, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतो. तो काढून वर पांढरा भात आणि दही एवढंच राहिलं तर साखर चढणार. दादासारखं पिष्टमयच सगळं सोडलं तर साखर उतरेल, पण साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना ती धोकादायक खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हे मुळीच करू नका.

एक प्रश्न: अण्णा दिवसभरात पाणी किती पितात? आणि इसबगोल नेमकं कसं घेतात?

गोदातीर

सगळ्यांचे मनापासून आभार. रानजाईताई, वजनाचं मी पाहिलंच नव्हतं, आज काटा काढते. डॉक्टरांची वेळ शनिवारची मिळाली आहे, यादी करून नेतेय. कॅल्शियमची गोळी रोज चालू आहे, हे तुमच्यामुळे लक्षात आलं.

आहारवेल, तुमच्या प्रश्नाने घर हललं. अण्णांना प्रोस्टेटचा त्रास आहे, रात्री उठावं लागतं म्हणून ते दुपारी चारनंतर पाण्याला हातच लावत नाहीत. आणि इसबगोल सकाळी चहाच्या आधी घेतात, तेही अर्ध्या पेल्यात कालवून. पेला टीपॉयवर ठेवतात आणि पेपर उघडतात. अग्रलेख संपेपर्यंत त्याचा घट्ट लगदा झालेला असतो, तो चमच्याने खातात. आईला हे माहीत होतं, पण यात काही बिघडतं असं कुणालाच वाटलं नव्हतं. वर लगेच साखरेची आणि कॅल्शियमची गोळी.

आहारवेल

हे आधी बदला. इसबगोल पूर्ण पेलाभर पाण्यात घालून लगेच प्यायचं, वर आणखी अर्धा पेला पाणी. घट्ट झालेला गोळा घशात अडकू शकतो, खाली गेला तरी आतड्यात पाण्यावाचून तसाच बसतो. गिळायला त्रास होत असेल तर इसबगोल देऊच नका. बाकी औषधं आणि इसबगोल यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. साखरेची गोळी जेवणाशी बांधलेली असते, म्हणून वेळ बदलायची ती इसबगोलाची. अकराच्या सुमारास चालेल. दिवसाचं पाणी सकाळी सात ते दुपारी चार यात वाटून घ्या, म्हणजे रात्रीचं उठणं वाढणार नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

हरसूलकर

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांना नागलीची आंबील देतात, कवळीवाल्यांना सोपी जाते. दोन चमचे नागलीचं पीठ रात्री वाटीभर पाण्यात भिजवा. सकाळी गुठळी मोडून मंद आचेवर ढवळत शिजवा, चांगली चकाकी आली की उतरवा. कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड. लसूण सध्या नको. गूळ अजिबात नको, अण्णांना मधुमेह आहे ना. अन् ताई, पीठ पॅकेटातलं बारीक चाळलेलं घेऊ नका. पेठ, सुरगाण्याकडची नागली शहरात विकायला येते, ती आणून गिरणीत दळा.

गोदातीर

नागली आणते. शनिवारी डॉक्टर काय म्हणतात ते इथेच लिहीन. आणखी एक विचारायचं राहिलं: बाजरी उष्ण म्हणून आई उन्हाळ्यात ज्वारीवर जाते. पोटफुगीच्या दृष्टीने दोन्हींत काही फरक पडतो का, की पीठ ताजं असणं आणि भाकरी नीट भाजलेली असणं एवढंच पाहायचं?