आर: समरीत छापून येणारी पी-व्हॅल्यू ऑब्जेक्टमध्ये सापडत नाही

प्रश्न:
आर या सांख्यिकी भाषेत एमटीकार्स (गाड्यांचा नमुना डेटा) वर एलएम(एमपीजी ~ डब्ल्यूटी), म्हणजे वजनावरून मायलेजचं रेषीय मॉडेल, चालवून निकाल 'फिट'मध्ये ठेवलाय, आणि समरी(फिट) 'एस'मध्ये. एस छापलं की शेवटच्या ओळीत एफ (अख्ख्या मॉडेलच्या चाचणीचा आकडा) 89.38 आणि त्याची पी-व्हॅल्यू 1.294 × 10⁻¹⁰ दिसते. चाळीसेक मॉडेलांसाठी हाच आकडा लूपमधून हवाय. पण एस$पी.व्हॅल्यू लिहिलं की नल (म्हणजे 'काहीच नाही') येतं, एररही नाही. ऑब्जेक्टची रचना दाखवणारं स्ट्र(फिट) केलं तर स्क्रीन भरून वाहते. नेमकं कुठे बघायचं?

प्रतिसाद 1:
फिट नाही, एस उघडा, आणि पहिलाच थर बघा: स्ट्र(एस, मॅक्स.लेव्हल = 1, गिव्ह.अ‍ॅट्र = फॉल्स). अकरा घटक दिसतील. त्यात पी-व्हॅल्यू नाहीच, ती छापताना काढली जाते. खात्री करायची तर क्लास(एस) विचारा, 'समरी.एलएम' येईल. मग गेटएसथ्रीमेथड('प्रिंट', 'समरी.एलएम') चालवून शेवटाकडचा कोड वाचा, पीएफ (एफवरून पी-व्हॅल्यू काढणारं फंक्शन) तिथेच बसलंय.

साठवलेला असतो तो एफस्टॅटिस्टिक: व्हॅल्यू, नमडीएफ, डेनडीएफ असे तीन आकडे, इथे 89.38, 1 आणि 30. एस$एफस्टॅटिस्टिक 'एफ'मध्ये ठेवा आणि तेवढ्यावर
पीएफ(एफ[1], एफ[2], एफ[3], लोअर.टेल = फॉल्स)
लोअर.टेल विसरलात तर उत्तर 1 छापून येईल. उत्तराला 'व्हॅल्यू' हे नावही चिकटून येतं, ते अननेमने काढा.

प्रतिसाद 2:
एवढा खटाटोप कशाला? कोएफ(एस)[2, 4], म्हणजे गुणकांच्या तक्त्यातली डब्ल्यूटीची पी-व्हॅल्यू, घ्या, आकडा तोच.

प्रतिसाद 1:
एकच प्रेडिक्टर (अंदाजासाठी वापरलेला चल, इथे डब्ल्यूटी) आहे म्हणून तोच (टीचा वर्ग = एफ). दुसरा प्रेडिक्टर घातला की ती फक्त त्या एका गुणकाची पी-व्हॅल्यू उरते. लूपमध्ये हे कळणारही नाही.

प्रतिसाद 3:
दोन खाचखळगे. $ अर्धवट नावही चालवून घेतो: एस$कोएफ चालतं, पण एस$आर म्हटलं की रेसिड्युअल्स आणि आर.स्क्वेअर्ड दोन्ही जुळतात, म्हणून गुपचूप नल. ऑप्शन्स(वॉर्नपार्शलमॅचडॉलर = ट्रू) लावलंत तर अर्धवट नाव चालून गेल्यावर निदान इशारा तरी मिळतो. आणि फक्त इंटरसेप्ट (स्थिर पद) असलेल्या, म्हणजे एकही प्रेडिक्टर नसलेल्या, मॉडेलात एफस्टॅटिस्टिक हा घटकच नसतो, तेव्हा लूपमध्ये आधी इज.नल तपासा.

पुढे एलएमईफोर या पॅकेजची (मिश्र-परिणाम) मॉडेलं आली तर $ सोडा. ती एसफोर (आरची वेगळी ऑब्जेक्ट पद्धत, घटक 'स्लॉट'मध्ये) आहेत, स्लॉटनेम्सने आत डोकावता येतं, पण आकडे फिक्सेफ (स्थिर गुणक) आणि व्हारकॉर (विचरणं) यांनीच काढावेत.