‘जे१ झालं का?’ आणि नववीची वही

वेलांटीवाल्या बाई
कालच नववीच्या निबंधाच्या वह्या तपासल्या. एकीत वाक्य होतं, ‘काळ पाऊस पडला, मग उन्हाल्यात गेल्यासारखं वाटलं नाही.’ ळ जिथे नको तिथे आलाय आणि हवा तिथून पळालाय. पोर दिवसभर फोनवर रोमन अक्षरांत मराठी लिहितं. तिथे काल, काळ, कळ, सगळ्यांना के-ए-एल. माझं स्पष्ट मत आहे, हा घोळ त्या चॅटिंगमधूनच वहीत आलाय.

बॅलन्स संपला
बाई, आम्हीही हेच केलं हो. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची, देवनागरी फक्त ७०. पैसे आमचे जायचे! ‘जे’पुढे १ चा आकडा टाकला की ‘जे-वन’, म्हणजे जेवण. हा खेळ ज्याला मूळ शब्द येतो त्यालाच जमतो. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री विद्यापीठाने १०-१२ वर्षांच्या मुलांवर अभ्यास केला होता. असली संक्षिप्त रूपं जास्त वापरणारी मुलं वाचनात मागे नव्हती, उलट थोडी पुढेच होती.

कोरा कागद
ती इंग्रज पोरं इंग्रजीच लिहीत होती, त्यांच्याच लिपीत. आपली मुलं परक्या लिपीत लिहितात आणि तिथे ळ नाही, ण नाही, त-ट एकच. तो निष्कर्ष इथे जसाच्या तसा कसा चिकटवणार?

मोडीप्रेमी आजोबा
मोडी लिपीत वेलांटी एकच. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद न पाळता पेशवाईचा कारभार चाललाच ना? आज ज्याला शुद्ध म्हणता ते १४ नियम १९६२ साली आलेले. १९७२ साली आणखी ४ आले. माझ्या आईची पत्रं अनुस्वारांनी भरलेली असत, ‘तूं कसा आहेस’ वगैरे. आजच्या बाईंनी तिला नापासच केलं असतं.

वेलांटीवाल्या बाई
आजोबा, मोडीत ळ होता की!

दहावी पास (कसाबसा)
सगळे आमच्याबद्दल बोलताय म्हणून लिहितो. रोमन मी मित्रांशीच लिहितो. खरा घोळ कीबोर्डचा आहे. ‘वि’ टाकलं की ‘विद्यार्थी’ आपोआप वर येतो, मी फक्त बोट ठेवतो. पहिली वेलांटी की दुसरी, हे मी कधी ठरवलंच नाही. बोर्डाच्या पेपरात तीन तास पेन धरल्यावर ते कळलं. आणि आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर रोज ‘महत्वाची सुचना’ यायची. एका शब्दात त कमी, दुसऱ्यात सू ऱ्हस्व. ती कुठल्या पोराने टाकली होती?

कोरा कागद
😂 हे मात्र लागलं.

वेलांटीवाल्या बाई
सूचनेचं मान्य, आमच्या स्टाफरूममध्येही तेच चालतं. कीबोर्डचा मुद्दाही डोक्यात नव्हता. आज वर्गात फळ्यावर मुलांच्या भाषेतले निरोप रोमनमध्ये लिहिले आणि देवनागरीत उतरवायला सांगितले. जे१ सगळ्यांना आलं, ‘बॅलन्स संपला’ यांनी खूश व्हावं. मग ‘मला माळा आणायला सांगितल्या’ दिलं. रोमनमध्ये दोनदा एम-ए-एल-ए. वाचताना एकही अडलं नाही. लिहिताना मात्र बरीच जणं ‘मला माला’वर थांबली, आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, कमळातला ळ की साधा ल?’