विद्यापीठातील जाहीर व्याख्यानांना गावातल्या माणसांना नेल्याचा खरोखर उपयोग होतो का?

निवृत्त शिक्षक, जिंतूर तालुका

सर्वांना नमस्कार. परभणीत आहार, धान्यप्रक्रिया, बियाणे, पाणी अशा विषयांवर सर्वांसाठी खुली असलेली व्याख्याने होतात. गेल्या वर्षभरात मी त्यांपैकी तीन ऐकली. विषय आपल्या ताटातला आणि आपल्या शेतातला असूनही सभागृहात विद्यार्थी व प्राध्यापकच अधिक होते. गावाकडून आलेली माणसे शेवटच्या दोन रांगांत बसली आणि प्रश्नांची वेळ येण्याआधीच बस गाठण्यासाठी उठून गेली.

पुढच्या व्याख्यानाला आमच्या बचत गटातील पाच महिला आणि दोन तरुण शेतकरी यांना न्यावे, असे माझ्या मनात आहे. मात्र एसटीचे भाडे आणि बुडालेली रोजंदारी हा त्यांच्यासाठी लहान खर्च नाही. दुसऱ्या व्याख्यानाहून परतताना शेजारच्या प्रवाशाने काय ऐकले म्हणून विचारले, तेव्हा मला जेमतेम तीन वाक्ये सांगता आली. आयुष्यभर वर्गात शिकवलेल्या माणसाची ही स्थिती, तर इतरांना तिथे बसवून काय साधेल? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अन्नतंत्र पदवीधर, परभणी

गुरुजी, अवश्य न्या. पण जाण्याआधी घरातला एखादा प्रश्न ठरवून न्या, म्हणजे ऐकलेले त्या प्रश्नाभोवती गोळा होते. माझा स्वतःचा अनुभव ज्वारीच्या व्याख्यानाचा आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा वाण 2018 मध्ये प्रसारित झाला. सर्वसाधारण वाणांच्या एक किलो ज्वारीत सुमारे 30 मिलिग्रॅम लोह आणि 20 मिलिग्रॅम जस्त असते, तर या वाणात ते सुमारे 45 आणि 32 मिलिग्रॅमपर्यंत जाते. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले आणि समाधानाने बसले.

माझ्या पुढच्या रांगेत आशा कार्यकर्ती असलेल्या एक ताई होत्या. त्यांनी उठून विचारले की, आमच्या भागात तिन्ही त्रिकाळ ज्वारीच खाल्ली जाते, मग आमच्याकडच्या मुलींचे रक्त कमी का भरते? त्या प्रश्नानंतर व्याख्यान खऱ्या अर्थाने सुरू झाले. ज्वारीतील फायटिक आम्ल लोहाला धरून ठेवते, त्यामुळे धान्यात असलेले सगळे लोह अंगी लागत नाही, जेवणानंतर लगेच घेतलेला चहा त्यात आणखी अडथळा आणतो, आणि याउलट भाकरीबरोबर लिंबू, कच्चा टोमॅटो किंवा आवळा असेल तर लोहाचे शोषण वाढते, हे वक्त्यांनी एकेक उदाहरण देऊन समजावले. मोड आणल्याने आणि आंबवल्याने फायटिक आम्ल कमी होते, म्हणून आपल्याकडची आंबील ही पोषणाच्या दृष्टीनेही जपण्यासारखी गोष्ट आहे. ही सगळी माहिती मला पुस्तकातून आधीच होती. ती आपल्या चुलीशी जोडून विचारण्याचे मला मात्र सुचले नव्हते.

शेतकरी, औसा

ताईंचे म्हणणे मान्य आहे, परंतु वेळेचा विचार कोणी करत नाही याची मला मनापासून खंत वाटते. सोयाबीनच्या बियाण्यावरचे अतिशय उत्तम व्याख्यान मी जूनच्या अखेरीस ऐकले. तोवर माझी पेरणी होऊन गेली होती आणि दोन एकरांत निम्मेच उगवले होते. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल पातळ असते आणि अंकुर त्याच्या अगदी लगत असतो. त्यामुळे मळणी यंत्राचा वेग जास्त असला, पोती उंचावरून आदळली किंवा थप्पी फार उंच रचली, तरी दाणा बाहेरून चांगला दिसतो पण आतून मरतो, हे मला त्या दिवशी समजले. आदल्या हंगामात मी याच तिन्ही चुका केल्या होत्या.

तेथे शिकवलेली पद्धत येथे लिहून ठेवतो. पोत्यातून सरसकट 100 दाणे घ्यावेत, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, पाणी शिंपडत राहावे आणि सहा-सात दिवसांनी मोड मोजावेत. 70 किंवा त्याहून अधिक दाणे नीट उगवले तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. त्याहून थोडे कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवावे, आणि फारच कमी उगवले तर ते पेरूच नये. पेरणी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावर करावी आणि बी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. सोयाबीनचे परागीभवन फुलातल्या फुलातच होत असल्याने सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे घरचे बियाणे तीन वर्षांपर्यंत वापरता येते, हेही तेथेच कळले. पुढच्या वर्षी मी मे महिन्यात ही चाचणी केली. हेच व्याख्यान एप्रिलमध्ये झाले असते तर माझी दुबार पेरणी टळली असती. विद्यापीठाचे शेतकरी मेळावे 18 मे आणि 17 सप्टेंबर रोजी, म्हणजे खरीप आणि रब्बीच्या तोंडावर होतात, ते योग्यच आहे. पण मेळाव्याच्या गर्दीत शांतपणे उलटसुलट विचारता येत नाही, आणि व्याख्यानात ते शक्य असते.

संशोधक विद्यार्थी

मी स्वतः ज्वारीवर काम करतो, म्हणून व्यासपीठाच्या बाजूचा अनुभव सांगतो. एका जाहीर व्याख्यानात माझ्याकडे नव्या वाणांविषयी पंधरा मिनिटे बोलण्याचे काम होते. धान्याचे उत्पादन, पक्वतेचे दिवस, खोडमाशीला सहनशीलता असे सर्व आकडे मी तयार ठेवले होते. एका वृद्ध मावशींनी विचारले, “याचा कडबा जनावर उष्टावळ न टाकता खाते का?” मला उत्तर देता आले नाही. मालदांडी हा ज्वारीचा जुना वाण अजून का टिकून आहे याचे अर्धे कारण त्या प्रश्नात होते. भाकरीची चव आणि कडबा हे दोन्ही पाहूनच आपल्याकडे रब्बी ज्वारी निवडली जाते. त्यानंतर मी कडब्याच्या नोंदी वेगळ्या ठेवू लागलो. म्हणून गुरुजी, तुमच्या माणसांना पहिल्या रांगेत बसवा. पडद्यावरचा मजकूर पुष्कळदा इंग्रजीत असतो. न समजलेला शब्द तिथल्या तिथे मराठीत सांगण्याची विनंती निःसंकोच करावी, वक्ते ती मानतात. प्रश्न कागदावर लिहून आयोजकांना आधीच दिला, तर बसच्या वेळेमुळे तो राहूनही जाणार नाही.

निवृत्त शिक्षक, जिंतूर तालुका

आपणा सर्वांचे आभार. काल बचत गटाच्या बैठकीत मी हे सर्व वाचून दाखवले. महिलांनी प्रश्न ठरवला आहे: गटाने विकलेले बाजरीचे पीठ आठ-दहा दिवसांतच कडवट का होते? त्यामुळे दोन दुकानदारांनी माल परत केला आहे.

अन्नतंत्र पदवीधर, परभणी

फार चांगला प्रश्न आहे. बाजरीत इतर तृणधान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त असतो, आणि दळल्यावर दाण्यातील विकरे (एन्झाइम) त्यावर काम करू लागतात, त्यातून कडवटपणा येतो. दळण्यापूर्वी बाजरी काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून पूर्ण वाळवली तर ही विकरे निष्क्रिय होतात व पीठ अधिक टिकते. पावसाळ्यात एवढे धान्य वाळवायचे कसे, हे मात्र वक्त्यांना नक्की विचारा. ताजे पीठ आणि दहा दिवसांचे पीठ असे दोन डबे सोबत आणा, म्हणजे त्यांना वास घेऊन सांगता येईल.

निवृत्त शिक्षक, जिंतूर तालुका

डबे घेऊन येतो. आजच दळण टाकायला सांगितले आहे.