मदत हवी आहे: ऑफिससाठी हाउसकीपिंग एजन्सी कशी निवडावी?

अ‍ॅडमिन_बाणेर
बाणेरला नऊ हजार चौरस फुटांचं ऑफिस आहे. ७० माणसं, एकच शिफ्ट, सोमवार ते शनिवार. दोन स्वच्छतागृहं, एक पॅन्ट्री, रिसेप्शनला इटालियन मार्बल, बाकी टाइल्स. तीन एजन्सींचे दर आलेत: माणशी महिना १५,५००, १९,००० आणि २१,५००, जीएसटी वेगळा. तिघीही तीनच माणसं सांगतायत. साहेबांचा कल अर्थातच पहिलीकडे. निवडताना काय बघायचं?

आकडेमोड
आधी तिघींकडून दराची फोड लेखी मागवा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,००० धरू, निव्वळ उदाहरण म्हणून. किमान वेतनाचा खरा आकडा कामगार विभागाच्या चालू परिपत्रकातून घ्या, भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो. त्यावर मालकाचा पीएफ इतर शुल्कासह १३ टक्के म्हणजे १,८२०, ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्के म्हणजे ४५५, बोनस ८.३३ टक्के म्हणजे १,१६६. बेरीज १७,४४१. यात रजा नाही, युनिफॉर्म नाही, एजन्सीचा नफाही नाही. मग १५,५०० मध्ये गणित बसणार कसं? पगार कमी, पीएफ गायब, नाहीतर हजेरीवर तीन नावं आणि जागेवर दोन माणसं. १९,००० ओढूनताणून बसतं. २१,५०० वालीला विचारा, बदली माणूस, मशीन, मटेरियल यातलं काय त्यात धरलंय.

आणि साहेबांना हे सांगा: एजन्सीने पगार किंवा पीएफ बुडवला तर मुख्य मालक (ज्याच्या जागेवर काम चालतं तो) म्हणून वसुली तुमच्या कंपनीकडे येते.

अ‍ॅडमिन_बाणेर
पहिलीने पीएफचं चलान दाखवलंय की.

आकडेमोड
चलानावर फक्त एकूण रक्कम असते. ती माणसं कुठल्या साइटची, हे कसं कळणार? त्याबरोबरची ईसीआर, म्हणजे पीएफची नाववार यादी मागा, तीत नाव आणि यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) असतं. ईएसआयसीचीही नाववार यादी घ्या. दोन्ही भरण्याची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख, म्हणून ऑक्टोबरचं बिल पास करताना सप्टेंबरचे कागद जोडलेले हवेत. कागद नाहीत तर बिल अडवायचं, असं कलमच टाका. पगार बँकेतच. सर्व्हिस चार्ज टक्क्यांत न ठेवता रुपयांत ठरवा, नाहीतर भत्ता वाढला की त्यांचा नफाही आपोआप फुगतो.

झाडलोट
कागद झाले, आता कामाचं. रसायनं एजन्सीकडे दिलीत तर ती पाणी घालून पुरवली जातात, फरशी चिकट राहते आणि वास मात्र छान येतो. म्हणून माणसं त्यांची, मटेरियल तुमचं. आर-टू (फरशीचं), आर-थ्री (काचेचं), आर-सिक्स (टॉयलेटचं) या क्लीनरचे कॅन सीलबंद घ्या आणि पातळ करण्याचं प्रमाण कॅनवर बघून भिंतीवर लिहा.

मार्बलकडे लक्ष द्या. आर-सिक्स आम्लाचं असतं, ते टॉयलेटच्या भांड्यापुरतंच. मार्बलवर सांडलं की पांढरा चट्टा पडतो आणि तो नुसत्या पुसण्याने जात नाही, पॉलिश करावं लागतं. तेच ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. हा धोका सुपरवायझरला माहीत आहे का, हे मुलाखतीतच विचारा. अडखळला तर पुढची एजन्सी बघा.

पुसायचे कपडे रंगांनी वेगळे: लाल टॉयलेटला, पिवळा बेसिनला, हिरवा पॅन्ट्रीला, निळा टेबलांना. एकाच फडक्याने सगळं पुसलं जातं, तक्रारींचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं.

वेळा: दोघं सकाळी साडेसातला, म्हणजे लोक यायच्या आत झाडू-पोछा आटपतो. तिसरा अकरा ते आठ. टॉयलेटच्या दारामागचा तासातासाचा तक्ता अचानक जाऊन बघा. दिवसभराच्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच हाताच्या दिसल्या तर त्या संध्याकाळी एकदम झाल्यात.

अ‍ॅडमिन_बाणेर
माणूस आलाच नाही तर?

झाडलोट
दहा वाजेपर्यंत बदली माणूस, नाहीतर त्या दिवसाचे पैसे कापून वर दंड. बदलीला साइट दाखवायचं काम सुपरवायझरचं, तुमचं नाही. पहिले तीन महिने ३० दिवसांच्या नोटिशीवर ठेवा. सही करण्याआधी त्यांची चालू असलेली एखादी साइट दुपारी तीनला बघून या, सकाळी सगळीकडेच चकाचक असतं.