इरफान पठाण: आपल्या बडोदेकरांच्या आठवणी

रावपुराकर: परवा टीव्हीवर मॅच चालू होती, इरफान कॉमेंट्री करत होता. पुतण्याने विचारलं, "काका, हे पण खेळायचे का?" बडोद्यात वाढलेलं पोर, आणि त्याला पाकिस्तानविरुद्धची कराची कसोटी माहीत नाही! लगेच फोनवर इरफानची ती ओव्हर लावून दिली. २९ जानेवारी २००६, रविवार सकाळ. द्रविडने टॉस जिंकून बॉलिंग घेतलेली. मॅचच्या पहिल्याच षटकाचे शेवटचे तीन बॉल: सलमान बट स्लिपमध्ये द्रविडकडे झेल, युनिस खान पायचीत, मोहम्मद युसुफचा त्रिफळा. कसोटीच्या पहिल्याच षटकात हॅटट्रिक त्याआधी कोणीच केली नव्हती. युसुफचा बॉल परत बघा. ऑफच्या बाहेरून निघतो आणि बॅट-पॅडच्या फटीतून आत घुसतो. आमच्या वाड्यात तेव्हा सगळे जिन्यावरून धडाधड खाली उतरले होते, आईच्या हातात पोह्यांचा झारा तसाच. तुमच्याही आठवणी लिहा. फक्त हॅटट्रिकच्याच नकोत.

मांडवीची_वहिनी: कुकर लावलाय, पटकन लिहिते. आमचं सासर मांडवीजवळच. त्याचे वडील मशिदीत अजान द्यायचे, दोघे भाऊ त्याच आवारात वाढले, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या रविवारी सासूबाईंनी पेढे आणायला पिटाळलं तर दुकानात ही रांग! सासूबाईंना क्रिकेटमधलं ओ की ठो कळायचं नाही, पण "आपल्या मांडवीचा मुलगा" एवढं पुरे होतं.

डावरा_७: ती मॅच आपण हरलो हो. ३४१ धावांनी. ३९ ला ६ होते त्यांचे, मग कामरान अकमलने ११३ ठोकले. अजून चडफड होते.

रावपुराकर: अरे हो, पण आज नको ना ते!

आजवा_रोड: माझ्यासाठी इरफान म्हणजे २००७ ची पाकिस्तानविरुद्धची टी-२० वर्ल्ड कप फायनल. गणपतीचे दिवस, मांडवातच टीव्ही लावलेला. सेहवाग जखमी, म्हणून थोरल्या भावाला, युसुफ पठाणला थेट फायनलमध्ये पदार्पण, तेही ओपनिंगला! पहिल्याच ओव्हरमध्ये षटकार मारला तेव्हा ढोलवाल्यांना आवरता आवरेना. मग धाकट्याने ४ षटकांत १६ धावा देऊन ३ बळी काढले. शोएब मलिक आणि आफ्रिदी एकाच ओव्हरमध्ये. सामनावीर आपला. आरतीला उशीर झाला, गुरुजी काही बोलले नाहीत, तेही टीव्हीसमोरच होते.

सुरसागर: सगळे इरफान इरफान करताय, विजय हजाऱ्यांना कोण आठवणार? सांगलीचे, पण बडोद्याचेच झाले. १९४७ च्या रणजी फायनलमध्ये होळकर संघाविरुद्ध गुल महंमदबरोबर ५७७ ची भागीदारी, इथेच बडोद्यात. ते २८८, गुल महंमद ३१९. अ‍ॅडलेडला एकाच कसोटीत दोन शतकं. आमचे आजोबा ती रणजी फायनल अशी सांगायचे की जेवणं आटपायची तरी हजारे नाबादच.

डावरा_७: काका, आणि इरफानचं कसोटी पदार्पणही अ‍ॅडलेडलाच, डिसेंबर २००३. एकोणीस वर्षांचा होता.

सुरसागर: हे लक्षात नव्हतं. बरं वाटलं.

निझामपुऱ्याची: तेव्हाचा कोच चॅपेल, त्यानेच वाटोळं केलं इरफानचं. बॅटिंगला तिसऱ्या नंबरवर पाठवून बॉलिंग घालवली.

फिजिओ_ताई: अहो, असं नाही. इरफानने स्वतः सांगितलंय की तिसऱ्या नंबरची कल्पना सचिनची होती. आणि नागपूरला श्रीलंकेविरुद्ध तिथेच ८३ केले. माझ्याकडे फास्ट बॉलिंग करणारी पोरं येतात, म्हणून सांगते. बॉल टाकताना पाठ एकाच वेळी वाकते, वळते आणि एका बाजूला झुकते, आणि पुढच्या पायावर शरीराच्या कितीतरी पट भार येतो. वेग कमी झाला की लगेच कोच नाहीतर बॅटिंगवर खापर फोडतात. शरीराचं कोणी विचारतच नाही. मला फार राग येतो याचा.

निझामपुऱ्याची: ८३ मी पाहिलेत. तरी माझं मत तेच 😄

डावरा_७: मी पण डावखुरा. शाळेत बाई उजव्या हातात पेन द्यायच्या. इरफान आला आणि पप्पा म्हणाले, राहू दे, डाव्याच हाताने टाक. गल्लीत टेनिस बॉलच्या एका बाजूला टेप लावून तो आत आणायचो. पर्थ २००८ माझी सगळ्यात लाडकी मॅच. दुसऱ्या डावात नाइट वॉचमन म्हणून (दिवस संपताना मुख्य बॅट्समनला वाचवायला आधी पाठवतात तो) येऊन ४६, पहिल्या डावात २८, वर पाच बळी. ऑस्ट्रेलियाला पर्थवर हरवलं, सामनावीर इरफान. त्याच्या महिनाभर आधी बेंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध १०२, पण तिथे गांगुलीने २३९ केले, मग याचं शतक कोणाच्या लक्षात राहणार.

आजवा_रोड: आणि एप्रिल २००८ ला शेवटची कसोटी. वय तेवीस!! २९ कसोटींत १०० बळी, ११०५ धावा. एवढं दोन्हीकडून करणारा पोरगा कसोटीत परत एकदाही खेळवला नाही.

मांडवीची_वहिनी: शेवटची वनडेसुद्धा बघा, २०१२, श्रीलंकेत. ५ बळी घेतले. पाच घेऊन वनडेत परत संधी नाही, असं कुठे असतं का? आमच्या घरात त्यावर अजून भांडणं होतात.

फिजिओ_ताई: त्यानंतर गुडघ्याचं दुखणं होतं ना वहिनी.

मांडवीची_वहिनी: असेल. बरा झाल्यावर बोलवायचं की. शिट्टी झाली, येते.

नवीन_सदस्य_बडोदा: नमस्कार, विषय वेगळा आहे. मुलगा नऊ वर्षांचा, लेदर बॉल लगेच द्यावा का? मोतीबागेच्या बाजूला राहतो.

फिजिओ_ताई: आधी टेनिस बॉल, मग हलका सिंथेटिक. आणि रोज किती बॉल टाकतो ते वहीत लिहून ठेवा. डावखुरा आहे का?

नवीन_सदस्य_बडोदा: हो!

डावरा_७: मग त्याला संध्याकाळी पर्थचा व्हिडिओ दाखवा. लिंक पाठवतो.